बिनक्रीमचं आइस्क्रीम आणि मशीनची सुट्टी

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. मला मधूनच सुरू करायची सवय आहे, मग समोरच्याला काही कळत नाही आणि मीच चिडते.

मी सांगलीची. नोकरीसाठी चेन्नईला आले, श्रीपेरुंबुदूरला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. रोज कंपनीच्या बसने जायचं, बसनेच यायचं. त्याच बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर जो मुलगा खिडकीला डोकं टेकून झोपायचा, त्याच्याशीच मी लग्न केलं. तो तंजावरचा मराठी. म्हणजे घर चेन्नईत, गिंडीजवळ, पण मूळ तंजावरकडचं. घरात बोलतात ती मराठीच, फक्त आपल्या कानाला ती कुठल्यातरी जुन्या कागदातून उठून आल्यासारखी वाटते, आणि मध्ये मध्ये सरळ तमिळ. सासूबाईंनी पहिल्यांदा मला "काय करूलालीस?" असं विचारलं तेव्हा मी नुसतीच हसले होते. काय करतेयस, एवढंच विचारत होत्या. आता मला सगळं कळतं, पण तुमची पंचाईत नको म्हणून त्यांचं बोलणं इथे मी माझ्याच मराठीत लिहिते.

सासूबाईंना मी अम्मा म्हणते आणि सासऱ्यांना अप्पा. अप्पा गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत करत फोरमन झाले आणि तिथूनच रिटायर झाले. अजूनही घरातला कुठलाही खिळा ते आधी बोटांनी चाचपतात, मग चष्मा लावून बघतात आणि मग जरा नाराज होतात.

आमच्या लग्नाआधी त्यांच्या हृदयाचं काहीतरी झालं. स्टेंट बसवला. डॉक्टरांनी तूप, लोणी, क्रीम सगळं बंद केलं आणि अप्पांनी ते मुकाट्याने मान्यही केलं. बिनतुपाचं पोंगल, म्हणजे इथली मुगाची खिचडी, खाणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. कागदासारखा कोरडा डोसा खायचे आणि काही बोलायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, केवढा हा संयम. रोज संध्याकाळी चालायला पण जायचे, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इथलं लुंगीसारखं धोतर, नेसून, ताठ. अम्मा कौतुकाने गॅलरीतून बघायची.

मग एक दिवस जेवताना अम्माच्या मोबाइलवर मेसेज आला. तिला इंग्रजी मेसेज मोठ्याने वाचायची हौस आहे, एकेक शब्द सुटा करून, बातम्या दिल्यासारखा. तर तिने वाचलं. डिअर कस्टमर. अभिनंदन. आमच्या दुकानात या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा आल्याबद्दल तुम्हाला एक डबल चॉकलेट स्कूप फुकट.

अम्मा म्हणाली, मी तर आइस्क्रीम खातच नाही.

आणि मग सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा रसम-भात कालवत होते. खूपच मन लावून कालवत होते. झालं असं होतं की दुकानवाल्यांनी फोन नंबर मागितला, आणि अप्पांना पाठ असलेला जगातला एकमेव नंबर म्हणजे अम्माचा. तो त्यांनी प्रामाणिकपणे देऊन टाकला. कोपऱ्यावरच्या दुकानात रोज चॉकलेट आइस्क्रीम चापणाऱ्या माणसाला खोटा नंबर द्यायचं काही सुचलं नाही, याचं मला आजही फार हसू येतं. तेव्हा कुणीच हसलं नाही. अम्माने फोन पदराला पुसला, उलटा ठेवला आणि अप्पांच्या पानात अजून थोडं रसम वाढलं. बस्स.

दुसऱ्या दिवसापासून ती अप्पांशी बोलेना.

म्हणजे बोलायची, पण माझ्यामार्फत. अप्पा समोर बसलेले असायचे आणि अम्मा मला सांगायची, तुझ्या अप्पांना सांग गोळी घ्यायची राहिलीय. अप्पा मला सांगायचे, तुझ्या अम्माला सांग, घेतली. मी मान डावीकडे, मान उजवीकडे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की एकदा हे तीन महिने चाललं होतं, तेव्हा मध्ये तो होता, आता तुझा नंबर. आणि पेपरात डोकं घालून बसला.

मला आधी गंमत वाटत होती. मग एकदा मी आणि अम्मा नारळ खवत होतो, म्हणजे ती खवत होती आणि मी शेजारी बसून पांढरं पांढरं उचलून तोंडात टाकत होते, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली,

"त्या हॉस्पिटलच्या बाकावर मी परत बसणार नाही. एकदा बसले. ते आत, मी बाहेर, आणि कोणी काही सांगत नाही. परत नाही बसणार मी."

त्यानंतर मला गंमत वाटेना. दिवाळीच्या आधी अप्पांची पुन्हा रक्ताची तपासणी होती, आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की यावेळी आकडे खाली आले नाहीत तर पुढचं बघावं लागेल. पुढचं म्हणजे काय ते कोणी विचारलं नव्हतं.

मग मी अप्पांकडे गेले आणि विचारलं, अप्पा, घरी केलं तर? क्रीम न घालता, हलकं, पण चॉकलेटचंच?

अप्पांनी माझ्याकडे एखाद्या नव्या ट्रेनीकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाले, शरी, म्हणजे ठीक आहे, पण बोलणं पक्कं करू. आयुधपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या खंडेनवमीपर्यंत, मी दुकानाची पायरी चढणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या जुन्या कारखान्यात पूजा असते, रिटायर झालेल्यांनाही बोलावतात, आणि पूजेनंतर मालक सगळ्यांना आइस्क्रीम खिलवतो, वर्षानुवर्षांची पद्धत. त्याच्या आत घरी खाण्यासारखं आइस्क्रीम झालं तर बाहेरचं कायमचं सोडलं. नाही झालं तर ते कारखान्यातही खाणार आणि कोपऱ्यावरही खाणार, आणि कोणी तोंड वाकडं करायचं नाही. तुझ्या अम्माला सांग.

अम्मा दारातच उभी होती. मला म्हणाली, सांग त्यांना, ऐकलं.

आता मशीन. आमच्या लग्नात ऑफिसच्या लोकांनी मिळून एक आइस्क्रीमचं मशीन दिलं होतं, ते खोक्यातच होतं, वर माझे हिवाळी कपडे ठेवले होते. चेन्नईत दोन्हीचा उपयोग तेवढाच. त्यात असतं काय, तर एक जाड दुहेरी भिंतीचं भांडं. भिंतींच्या मध्ये कसलंतरी पाणी भरलेलं. ते भांडं आधी फ्रीझरमध्ये ठेवून दगड करायचं, मग मोटरच्या स्टँडवर बसवायचं, वरून थंड मिश्रण ओतायचं, आत एक पातं असतं ते स्थिर राहतं आणि भांडं फिरतं, आणि कडेला गोठलेलं पातं खरवडत राहतं. एवढंच. माहितीपत्रकात लिहिलं होतं भांडं पूर्ण एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मी रात्री ठेवलं, सकाळी हात लावला, गार लागलं, म्हटलं झालं. मी अशीच आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ताट घेऊन बसणारी.

पहिल्या वेळी टोन्ड दूध, कोको, साखर, एवढंच घेतलं आणि ढवळून ओतलं. मशीन गरागरा फिरलं, फिरतच राहिलं, आणि आत तपकिरी पाणी तसंच. शेवटी ते सगळं डब्यात ओतून फ्रीझरमध्ये घातलं, म्हटलं तिथे होईल. तिथे झालं. वीट झाली. चमचा वाकला. अप्पांनी डबा हातात घेतला, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला, उजेडाकडे धरून कडा बघितली आणि म्हणाले, कास्टिंग छान आलंय, कुठे भेग नाही.

मला राग आला पण हसू पण आलं. मग मी वाचायला लागले, व्हिडिओ बघायला लागले, बसमध्ये जाताना येताना तेच. मुद्दा असा की क्रीममध्ये स्निग्धपणा असतो, तो बर्फाचे मोठे खडे होऊ देत नाही. क्रीम काढलं की राहतं पाणी, आणि पाणी गोठलं की बर्फच होणार, दुसरं काय होणार. म्हणजे पाणी कमी करायचं. दूध आटवायचं. स्किम्ड दुधाची पावडर घालायची, थोडं कॉर्नफ्लॉर घालून शिजवायचं. मी नवऱ्याला झोपेतून उठवून हे सांगायचे, तो म्हणायचा स्टॉप आला का.

तोवर नवरात्र बसलं. आमच्याकडे गोलू असतो, हॉलमध्ये पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आणि रोज संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका बघायला येतात. आलेल्या प्रत्येक बाईला सुंडल द्यायचं, म्हणजे उकडलेले हरभरे, वाटाणे, काहीतरी, वर मोहरीची फोडणी आणि भरपूर ओला नारळ. भरपूर म्हणजे आमचा अख्खा फ्रीझर खवलेल्या नारळाने भरलेला. मी भांडं आत कोंबून ऑफिसला जायची आणि परत येऊन बघायची तर भांडं ओट्यावर आणि त्याच्या जागी नारळाची पिशवी.

एकदा तर भांडं ओट्यावर होतं आणि त्यात हरभरे भिजत होते.

मी अम्माकडे बघितलं. ती म्हणाली, एवढं जाडजूड चांगलं भांडं, रिकामं कशाला ठेवायचं. म्हटलं अम्मा, हे भांडं रिकामं राहण्यासाठीच आहे, याचं कामच गार होऊन बसणं आहे. ती म्हणाली, असं काम मला पण मिळालं तर बरं होईल. पण हरभरे काढले तिने. मग आम्ही दोघींनी मिळून सगळा नारळ चपट्या पिशव्यांत भरला, भांड्याच्या भोवती विटा रचाव्यात तसा रचला. तरीही मी घाई केलीच. दुसऱ्या वेळचं मिश्रण मी शिजवलं, पण नीट गार व्हायच्या आधीच ओतलं, कारण संध्याकाळी बायका यायच्या होत्या आणि मला त्यांच्यासमोर मशीन चालवून दाखवायचं होतं. ते कढत कढत आत गेलं आणि भांड्याचा सगळा गारवा पिऊन टाकला. झालं काहीतरी दाट, गारसर, पिठूळ.

अप्पांनी वाटीभर घेतलं. तीन-चार चमचे खाल्ले. अम्मा मला म्हणाली, विचार त्यांना, खाण्यासारखं आहे का.

अप्पा मला म्हणाले, सांग तिला, खाण्यासारखं आहे. पायसम म्हणून वाढलं असतं तर मी परत मागितलं असतं.

ते आयुधपूजेच्या चार-पाच दिवस आधीचं. मी अगदी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. भांडं आदल्या दिवशी सकाळीच आत. अम्माने ते कानाशी धरून नारळ हलवतात तसं हलवलं आणि आत डुचमळ ऐकली. म्हणाली नारळात वाजलं पाहिजे आणि यात वाजता कामा नये, एवढं लक्षात ठेव, मग त्या पत्रकाची गरज नाही. मग मिश्रण. टोन्ड दूध आटवलं. दुधाची पावडर, साखर, कोको थोड्या दुधात आधी कालवून घेतला म्हणजे गाठी नकोत, कणभर कॉर्नफ्लॉर, आणि ते सगळं चांगलं खदखदू दिलं, कच्चा वास जाईपर्यंत. डार्क चॉकलेटचा एक छोटा तुकडा. चिमूटभर मीठ. आणि सकाळच्या कॉफीचं डिकॉक्शन उरलं होतं त्यातला एक चमचा, ते मला असंच सुचलं, आणि त्याने चॉकलेट एकदम गडद झालं. फ्रीजमध्ये ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी नवमी, सगळ्यांना सुट्टी, दुपारी मशीन लावायचं, चार वाजेपर्यंत आइस्क्रीम तयार, अप्पा खाऊन मगच कारखान्यात जाणार. असा प्लॅन.

नवमीला सकाळपासून घरात नुसती धुलाई. अप्पांनी त्यांचा जाडी मोजायचा व्हर्नियर, पाने, हातोडी, सगळं पुसून देवासमोर मांडलं. मिक्सर, वेट ग्राइंडर, कात्री, विळी, नवऱ्याचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप. खाली पार्किंगमध्ये बाइकला हार. सगळ्यांना चंदनाचे ठिपके आणि कुंकू. मला हे फार आवडतं. सांगलीला आम्ही पण खंडेनवमीला हत्यारं पुजतो, बाबा मोटरसायकलला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि लगेच किक मारून श्रीखंड आणायला जातात. तर मी उत्साहाच्या भरात मशीनचा मोटरचा स्टँड आणला, छान पुसला, व्हर्नियरच्या शेजारी ठेवला. त्याला तीन ठिपके लावले. फूल वाहिलं. अम्मा माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मला वाटलं आज सगळंच जमणार.

दुपारी जेवणं झाली, मी उठले, देवासमोर गेले आणि स्टँड उचलायला हात पुढे केला.

नवरा म्हणाला, काय करतेयस?

म्हटलं, आइस्क्रीम.

तो म्हणाला, पूजेत ठेवलंय ना ते. आता उद्या सकाळी.

मला कळेचना. मग त्याने सांगितलं. इथे नवमीला जे पूजेत बसलं त्याला दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारांना आराम. पुस्तक ठेवलं तर वाचायचं नाही, पेन ठेवलं तर लिहायचं नाही, मिक्सर ठेवला तर वाटायचं नाही. आणि मला आठवलं की अम्माने आदल्या दिवशी सगळी चटणी वाटून ठेवली होती, पीठ वाटून ठेवलं होतं, मी समोर होते, आणि मी विचारलंही नव्हतं की एवढं आज का. ज्या एका वस्तूची त्या दिवशी गरज होती ती मी स्वतः, माझ्या हाताने, फूल वाहून, बंद करून ठेवली होती.

मी तिथेच जमिनीवर बसले. फ्रीझरमध्ये भांडं दगड झालेलं, फ्रीजमध्ये मिश्रण तयार, आणि मधली मोटर कुंकू लावून सुट्टीवर.

अम्मा स्वयंपाकघरातून आली. तिला सगळं एका नजरेत कळलं. आता एक लक्षात घ्या, ही बाई एकादशीला पाणी पिण्याआधी विचार करते. हिने माझ्या माहेरून आलेला कांदा-लसूण मसाला सणाच्या दिवसांत कपाटाबाहेर काढू दिला नव्हता. ती आली आणि म्हणाली, काढ ते. लाव मशीन.

मी म्हटलं, अम्मा, पण...

काढ म्हणते ना.

तेव्हा अप्पा खुर्चीतून म्हणाले, तिला सांग, नको.

अम्मा माझ्याकडे वळलीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती सरळ अप्पांकडे वळली.

"देवाला मी समजावीन. तो ऐकेल. तुम्ही ऐकत नाही."

अप्पांनी चष्मा काढला, परत घातला. मग हळू म्हणाले,

"मी इतकी वर्षं या दिवशी स्क्रू पण पिळला नाही. मशीनने वर्षभर काम केलं, एक दिवस त्याचा. माझ्यासाठी तू तो मोडायचा नाहीस."

अम्मा म्हणाली, या मशीनने वर्षभर काय काम केलंय, खोक्यात होतं ते.

यावर नवऱ्याला हसू आलं आणि तो उठून गॅलरीत गेला. अप्पांना पण आलं असावं, पण ते हसले नाहीत. म्हणाले, तरी. आणि पाचला स्वच्छ वेष्टी नेसून कारखान्यात गेले. बोलणं पक्कं होतं. आयुधपूजेच्या आत झालं नव्हतं. ते आता खाऊ शकत होते, कोणी तोंड वाकडं करायचं नव्हतं.

ती संध्याकाळ इतकी लांब होती. बायका येत होत्या, बाहुल्या बघत होत्या, अम्मा हातात सुंडलच्या पुड्या देत होती आणि दाराकडे बघत होती. कोणीतरी तिला गाणं म्हणायला सांगितलं, तिने दोन ओळी म्हटल्या आणि तिसरी विसरली. मी खाली गेले, सगळ्या गल्लीत दृष्ट काढून फोडलेले कोहळे, लाल कुंकू, लिंबं चेपलेली, मी उगीच फाटकाशी उभी राहून परत वर आले. मला सारखं वाटत होतं की आत्ता या क्षणी अप्पा कागदी कपातलं चॉकलेट खातायत आणि त्यांना ते फार आवडतंय. मला त्यांचा राग पण येईना. मी त्यांच्या जागी असते तर दोन खाल्ले असते.

ते आले तेव्हा हातात प्रसादाची पिशवी होती, चुरमुरे आणि चणे. अम्माने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि जरा जास्तच जवळ उभी राहिली. मी तुम्हाला खात्रीने सांगते की तिने त्यांचा वास घेतला. नाक असं हललं, मी बघितलं.

मी विचारलंच. म्हटलं, अप्पा, आइस्क्रीम होतं?

होतं, ते म्हणाले. चॉकलेटचं.

मग?

हातात दिलं. फोटो काढत होते. मालकाचा, त्याच्या मुलाचा, नव्या सीएनसी मशीनचा, मग सगळ्यांचा. तोवर वितळलं. ठेवून दिलं.

वितळलेलं पण चॉकलेटच ना, मी म्हटलं.

त्यांनी पूजेतल्या आमच्या मशीनकडे बघितलं आणि म्हणाले, सकाळी किती वाजता लावणार आहेस?

अम्मा आत गेली, पानं मांडली आणि आतूनच म्हणाली, जेवायला या. मला ‘त्यांना सांग’ वगैरे काही नाही. सरळ.

विजयादशमीच्या सकाळी पूजा झाली, आणि मग पद्धत अशी की प्रत्येकाने आपापल्या हत्याराने थोडंसं काम करायचं, नवी सुरुवात म्हणून. अप्पांनी व्हर्नियरने माझ्या बांगडीची जाडी मोजली. नवऱ्याने लॅपटॉप उघडून बंद केला, त्याच्या मते तेवढं पुरे. अम्माने विळीवर एक केळं चिरलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी भांडं काढलं. अम्माने कानाशी धरून हलवलं. काही वाजलं नाही, अगदी मुकं. मग मिश्रण काढलं आणि झाकण उघडलं तर ते वेगळंच दिसत होतं. आदल्या वेळी नुसतं दाट पाणी होतं, हे चकचकीत होतं, चमच्यावरून दुमडत पडत होतं. दीड दिवस ते तिथे नुसतं पडून होतं. पावडर फुगली, कॉर्नफ्लॉर मुरलं, सगळं एकजीव झालं. भांड्यालाही तेवढाच वेळ मिळाला होता, आणि वाटण आधीच झाल्यामुळे फ्रीझरचं दार सारखं कोणी उघडलं नव्हतं. मी इतके दिवस पदार्थ बदलत होते, कमी काय पडत होतं तर थांबणं. आणि ते मी आपणहून कधीच केलं नसतं, मला मोटरवर कुंकू लागल्यामुळे करावं लागलं.

स्टँडवरचे ठिपके तसेच ठेवून अप्पांनी प्लग लावला. भांडं फिरायला लागलं. आम्ही चौघं ओट्याभोवती. सुरुवातीला पातळ होतं, मग कडेने गोठायला लागलं, मग पात्यावर चढायला लागलं, आणि मग मोटरचा आवाज बदलला, खालचा, भरल्या पोटाचा. अप्पा म्हणाले, लोड आला. त्यांना मशीनकडे न बघताही कळलं.

पहिली वाटी त्यांची. ते बसले. चमचा आत गेला, सहज गेला. त्यांनी तोंडात धरून ठेवलं, गिळलं, परत घेतलं. मी नखं खात होते. अम्मा फडक्याने कोरडाच ओटा पुसत होती.

शेवटी म्हणाले, दुकानासारखं नाही.

माझं तोंड पडलं.

ते म्हणाले, दुकानाचं जिभेवर बसून राहतं, उठतच नाही. हे येतं आणि जातं. मग वाटी खरवडून परत एक चमचा घेतला आणि म्हणाले, पण हे आइस्क्रीम आहे. मोजून घेतलं तरी आइस्क्रीमच आहे.

अम्माने फडकं ठेवलं आणि विचारलं, आणखी घालू?

अप्पांनी वाटी पुढे केली. तिने छोटासा चमचा घातला, अगदी छोटा, आणि ते तिच्याकडे बघत राहिले, आणि ती म्हणाली, बस्स, हलकं असलं म्हणून काय बादलीभर खायचं नसतं, पोदुम, म्हणजे पुरे. मग उरलेलं स्वतः चमचा घेऊन उभ्या उभ्या चाखलं आणि घसा धरला, कारण तिला गार चालत नाही, आणि परत एक चमचा घेतला.

रक्ताचा रिपोर्ट दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. आकडे खाली होते. फार नाही, पण खाली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, गोळ्या लागू पडतायत. अप्पांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की गोळ्या नाहीत, ते घरचं चॉकलेट आइस्क्रीम आहे, एक दिवसाआड, कारण भांड्याला एक दिवस लागतो. डॉक्टरांनी अम्माकडे बघितलं. अम्मा म्हणाली, होय, तेच आहे, आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर ते बाक होतं. अप्पा म्हणाले जरा बसू, आणि अम्मा म्हणाली बसायचं काही कारण नाही, घरी भांडं फ्रीझरमध्ये दगड होऊन बसलंय, आणि लिफ्टचं बटण दाबलं.